ग्रँड कॅनियनजवळ पाणी संपलं, या तुमच्या तक्रारीवर आमचं उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुम्ही आमच्याकडून भाड्याने नेलेली आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) परत आल्यावर ती स्वतः तपासल्याशिवाय मला काही बोलायचं नव्हतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रँड कॅनियनजवळच्या टुसायान गावाबाहेर कैबाबच्या जंगलात, हुकअप (गाडीला बाहेरून पाणी-वीज जोडायची सोय) नसलेल्या जागी तुम्ही सहा जण राहिलात. दुसऱ्या रात्री पाणी संपलं. त्यानंतरच्या सकाळी कॅम्पग्राउंडच्या डंप स्टेशनवर (गाडीतलं सांडपाणी सोडायची आणि पाणी भरायची जागा) पाऊण तास रांगेत थांबून पाणी भरलंत, जंगलात परतलात, तर नळ पुन्हा कोरडे. शेवटी तुमच्या सासऱ्यांनी विकत आणलेले कॅन उचलून टाकीत ओतले आणि त्यांची पाठ धरली. टाकी आम्ही अर्धवट भरून दिली असणार, आणि पाण्याला ब्लीचचा वास होता, असंही तुम्ही लिहिलंय.

टाकी पूर्ण भरलेली होती. गाडी देताना काढलेल्या, टाकीतलं पाणी दाखवणाऱ्या पॅनेलच्या फोटोत चारही दिवे लागलेले आहेत. पण "चार दिवस आरामात पुरेल" असं आमच्या माणसाने तुम्हाला सांगितलं, ते साफ चुकीचं होतं. टाकी 40 गॅलनची, म्हणजे साधारण 150 लिटर. सहा जणांत माणशी 25 लिटर आले, त्यातच आंघोळ, भांडी, फ्लश. दोन दिवस पुरलं हीच तुमची काटकसर. शिवाय ते दिवे फार ढोबळ असतात. एक-तृतीयांशचा दिवा दिसतो तेव्हा टाकीत 50 लिटर असेल किंवा 95 सुद्धा. हे आम्ही सांगायला हवं होतं.

आता डंप स्टेशनवर काय झालं ते, कारण माझ्या मते खरी चूक इथे आहे आणि ती आमची आहे. गाडीला पाण्याची दोन तोंडं असतात. एकाला पाइप आटे फिरवून घट्ट बसतो. ते 'सिटी वॉटर'चं. तिथून येणारं पाणी नळाच्या दाबाने थेट गाडीतल्या नळांना जातं, टाकीत थेंबही पडत नाही. दुसरं तोंड झाकणाचं, तिथे पाइप नुसता आत सोडायचा असतो, तेच टाकीचं. तुम्ही पहिल्याला पाइप लावलात. आतले नळ जोरात वाहू लागले, साहजिकच टाकी भरतेय असं वाटलं. पाइप काढला आणि दाब गेला. जंगलात पंप सुरू केल्यावर ओढायला पाणीच नव्हतं, म्हणून ती घरघर. घरघर ऐकून तुम्ही पंप लगेच बंद केलात, त्यामुळे तो वाचला, त्याबद्दल आभार.

मी गाडीच्या बाजूला जाऊन पाहिलं. दोन्ही तोंडांवरचे स्टिकर ॲरिझोनाच्या उन्हाने पांढरेफटक पडलेत, एकावर फक्त 'वॉ' एवढंच अक्षर वाचता येतं. अशा खुणांवरून नव्या माणसाने काय ओळखायचं? आता दोन्हीकडे इंग्रजी आणि मराठीत जाड अक्षरांत लिहिलंय: "टाकी" आणि "थेट नळ".

टाकीच्या तोंडात पाइप पूर्ण कोंबायचा नाही, हेही लक्षात असू द्या. आतली हवा बाहेर यायला जागा लागते, नाहीतर पाणी अंगावर उसळतं आणि टाकी भरल्याचा भास होतो. नळ अर्धाच उघडा. भरायला वेळ लागतो, पण उलट पाणी बाहेर येऊ लागलं की टाकी खरोखर भरली.

कोणत्या नळाचं पाणी मुलांना दिलं गेलं, ही तुमची काळजी मला सगळ्यात जास्त लागली. डंप स्टेशनवर अनेकदा सांडपाण्याचा पाइप धुवायचा वेगळा नळ असतो, त्याचं पाणी पिण्याचं नसतं. फोनवर तुम्ही जे वर्णन केलंत, त्यावरून तुमचा नळ ड्रेनच्या भोकापासून लांब होता आणि त्यावर पिण्याच्या पाण्याची पाटी होती. म्हणजे पाणी योग्यच होतं. ब्लीचचं म्हणाल, तर टाकी निर्जंतुक करायला दर 15 गॅलनला पाव कप ब्लीच घालून ती रात्रभर ठेवतो आणि मग धुतो. यावेळी एकदाच धुतली गेली. यापुढे वास जाईपर्यंत धुणार, आणि शेवटचा ग्लास मी स्वतः पिऊन पाहीन.

आणि कॅन. 5 गॅलनचा एक कॅन म्हणजे 19 किलो, तो खांद्याएवढ्या उंचीवर धरून ओतायचा. टाकी भरायला असे आठ. वयस्कर माणसाकडून तेवढं करवून घ्यायची वेळ आली, याचं मला फार वाईट वाटलं. माझी आजी दुष्काळी माण तालुक्यात टँकरच्या रांगेतून हंडे वाहायची, पाण्याचं ओझं काय असतं ते मी घरात पाहिलंय. आता हुकअपविना राहणाऱ्या प्रत्येक गाडीत दोन कॅन आणि 12 व्होल्टचा छोटा पंप ठेवतोय. कॅन जमिनीवरच राहील, नळी टाकीत सोडायची, बटण दाबायचं.

त्या रात्री तुमचा फोन कोणी उचलला नाही, त्याला काहीही सबब नाही. रात्रीचा फोन आता माझ्याकडेच येतो.

दोन रात्रींचं भाडं आणि कॅनचे पैसे तुमच्याच कार्डवर परत पाठवलेत. बाबा भारतात परत जाण्याआधी डॉक्टरांना दाखवलं असेल, तर ते बिलही पाठवा. त्यांची पाठ आता कशी आहे, तेवढं कळवा.