शेतकऱ्याच्या पोरीला राणीचंच नाव ठेवा

मुलीचं नाव वेगळं हवं, भारदस्त हवं, ऐकल्याबरोबर राजघराण्यातलं वाटलं पाहिजे, ही हौस आता आमच्या आर्वी तालुक्यातल्या खेड्यांतही आली आहे. मला या हौसेचं फार कौतुक आहे. पोरगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेली घरं मी पाहिली आहेत. आज त्याच घरातला तरणा बाप दिवसभर कपाशीत राबून येतो आणि रात्री मोबाईल घेऊन लेकीसाठी राणीचं नाव शोधतो. यापेक्षा चांगला बदल कोणता असेल?

माझी तक्रार आहे ती मोबाईलवरच्या त्या याद्यांबद्दल. मी अंगणवाडीचं काम करते, त्यामुळे गावात ठेवलेलं प्रत्येक नवं नाव माझ्या रजिस्टरात येतं. एकसारखी तीच ती नावं, आणि आईला अर्थ विचारला की उत्तरही तेच, ‘राजकन्या’. याद्यांमध्ये कोणत्याही नावापुढे ‘राजकन्या’, ‘महाराणी’ लिहून टाकतात. कोणत्या भाषेतलं नाव, कोणत्या शब्दापासून आलं, कोण बाई त्या नावाची होऊन गेली, याचा पत्ता नाही. मलिका आणि मल्लिका ही दोन नावं तर सर्रास एक करून टाकली आहेत. मलिका अरबीतून आलं, त्याचा अर्थ राणी. मल्लिका संस्कृत, म्हणजे मोगऱ्याच्या जातीचं फूल. दोन्ही सुंदर आहेत, पण आपण लेकीला काय म्हणून हाक मारतो ते आईबापाला माहीत नको? सारा हे नाव मात्र खरोखर त्या अर्थाचं आहे, हिब्रू भाषेत त्याचा अर्थ राजकन्या किंवा थोर घरची बाई असाच होतो. ज्याला आवडेल त्याने खुशाल ठेवावं.

इंद्राणी, रुद्राणी, शर्वाणी, भवानी ही नावंही याद्यांमध्ये ‘राजेशाही’ म्हणून दिसतात. वजनदार आहेत, शंकाच नाही. पण इंद्राची बायको ती इंद्राणी, रुद्राची ती रुद्राणी, अशी ती घडली आहेत. मला स्वतःला त्यापेक्षा ईशानी किंवा ईश्वरी आवडतं, त्यात सत्ता चालवणारी असा सरळ अर्थ आहे. आणि सम्राज्ञी! ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात नव्या नवरीला ‘सासऱ्याच्या घरी सम्राज्ञी हो’ असा आशीर्वाद दिला आहे. लग्नात म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तिला चुलीपुढे बसवतात. मग जन्मापासूनच ते नाव तिच्याजवळ असू द्यावं ना.

पण मला खरं बोलायचं आहे ते आपल्या मातीतल्या राण्यांबद्दल. वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला राणीचं नाव शोधायला मोबाईल कशाला लागतो, हेच मला कळत नाही. आपला विदर्भ पुराणात ओळखला जातो तोच मुळी लेकींमुळे. अगस्त्य ऋषींची बायको लोपामुद्रा विदर्भाच्या राजाच्या घरी वाढली, आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १७९ व्या सूक्तात तिच्या ऋचा आहेत. सगर राजाची राणी केशिनी, म्हणजे सुंदर केसांची, विदर्भाची. रामाची आजी, दशरथाची आई इंदुमती, तीही इथलीच. इंदू म्हणजे चंद्र. आमच्या आजीच्या पिढीत इंदू, इंदुबाई घरोघरी होत्या, पण त्या नावाची मूळ बाई अजराजाने स्वयंवरात मिळवलेली विदर्भाची राजकन्या होती, हे किती इंदुबाईंना कोणी सांगितलं?

रुक्मिणीचं तर काय सांगू. वर्धा नदीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे कौंडण्यपूर. आषाढीला तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते, माहेरची पालखी म्हणून तिचा मान. रुक्म म्हणजे सोनं, रुक्मिणी म्हणजे सोन्याने झळाळणारी. भावाने लग्न शिशुपालाशी ठरवलं तेव्हा हिने स्वतः कृष्णाला निरोप धाडला, कुठे यायचं, कधी यायचं, देवीच्या दर्शनाला मी बाहेर येईन तेव्हा घेऊन जा, सगळं तिनेच ठरवलं. ते मंदिर अमरावतीच्या अंबादेवीचं की कौंडण्यपूरच्या अंबिकेचं, यावर आमच्याकडचे लोक अजून वाद घालतात. आणि मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा हिने तेराव्या शतकात रिद्धपूरला धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचले ते याच रुक्मिणीच्या लग्नाचे. रिद्धपूर आणि कौंडण्यपूर दोन्ही अमरावती जिल्ह्यात. महदंबा हे नावसुद्धा बघा, मोठी आई, थोर माता. कोणाच्या यादीत आहे ते?

हे सगळं मी माझ्या भावजयीला सांगितलं होतं. तिच्या लेकीचं नाव ठेवायचं होतं आणि आत्या म्हणून मान माझा. ती म्हणे, “ताई, रुक्मिणी नका ठेवू जी, बुढीचं नाव वाटते ते.” तिचं खोटं नव्हतं. गावात रुखमाबाई, धुरपताबाई, पार्बताबाई म्हणजे सत्तरीपलीकडच्या बाया, वाकलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या. नाव म्हातारं वाटतं कारण ते नाव घेतलेल्या बाया आपल्यापुढे म्हाताऱ्या झाल्या. पण त्याही कधीतरी पाळण्यात होत्या. पूर्ण, स्पष्ट ‘रुक्मिणी’ अशी हाक मारून पाहा, पाच वर्षांची पोरगी त्या नावात कशी उजळून दिसते. आमच्या घरच्या बारशात मी पाळण्याजवळ वाकून तिच्या कानात तेच नाव सांगितलं, पाठीवर बायांच्या थापा पडल्या, घुगऱ्या वाटल्या. ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ म्हणताना लेकीच्या पाळण्यावरही गोविंद-गोपाळच म्हणायची रीत आहे. मी ‘कोणी रुक्मिणी घ्या, कोणी दमयंती घ्या’ म्हटलं. म्हाताऱ्या बायांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांनीही तेच म्हटलं.

दमयंतीला लोक घाबरतात. सीता, द्रौपदी, दमयंती यांच्या वाट्याला वनवास आला, म्हणून लेकीला ते नाव नको. मला हे पटत नाही. विदर्भाच्या भीम राजाला दमन ऋषींच्या वराने मुलं झाली, म्हणून मुलांची नावं दम, दांत, दमन आणि मुलीचं दमयंती, म्हणजे काबूत ठेवणारी, जिंकणारी. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. हुबेहूब पाच नळ. ही गोंधळून रडत बसली नाही. देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याच्या अंगावर घाम आणि धूळ होती, ज्याची माळ सुकत होती, त्याच्या गळ्यात तिने हार घातला. पुढे नळ हरवला तर त्याला शोधून काढण्यासाठी दुसऱ्या स्वयंवराची बातमी पाठवण्याची युक्तीही तिचीच. असं डोकं असलेल्या बाईचं नाव अपशकुनी कसं? माझ्या मते विदर्भातलं सगळ्यात देखणं नाव दमयंती आहे.

ज्यांना पुराण नको, इतिहास हवा, त्यांनी रामटेकजवळच्या नगरधनला जावं. ते वाकाटक राजांच्या राजधानीचं, नंदिवर्धनचं ठिकाण. चौथं शतक संपता संपता राजा रुद्रसेन वारला, मुलं लहान, तेव्हा राणी प्रभावतीगुप्तेने कारभार हाती घेतला. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती लेक, आई नागकुळातली कुबेरनागा. तिचे ताम्रपट मिळाले, त्यातला एक रिद्धपूरला, रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीच्या चरणांपाशी दिलेला. वाकाटकांच्या घरात नांदलेल्या या बाईने त्यांत वंशावळ दिली ती माहेरच्या गुप्तांची आणि गोत्रही माहेरचंच लावलं. नगरधनच्या उत्खननात मातीची एक लहानशी मुद्रा निघाली. तीवर ब्राह्मी अक्षरांत तिचं नाव आणि शंख. सोळाशे वर्षं मातीत राहून ते नाव वाचता येतं! प्रभावती म्हणजे तेज असलेली. अर्थ सांगायलाही सोपा.

चंद्रपूरच्या लोकांना हिराई सांगायला नको. गोंड राजा बीरशहा गेल्यावर रामशहाला दत्तक घेऊन तिने राज्य सांभाळलं, नवऱ्याची समाधी बांधली, महाकालीच्या देवळाशीही तिचं नाव जोडलेलं आहे. सहसा राजे राण्यांच्या आठवणीत इमारती बांधतात, इथे राणीने बांधली. हिराई, जिजाई, मुक्ताई, या ‘आई’ लागलेल्या नावांत जो अधिकार आहे तो दुसऱ्या कशात नाही. जिजाऊ तर सिंदखेडराजाची, १२ जानेवारीला तिथे माणसांचा पूर येतो. तरी जिजा हे नाव किती जणी ठेवतात?

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. नावाने माणूस कसा उभा राहतो हे विदर्भाने १४ ऑक्टोबर १९५६ नंतर पाहिलं आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर गावागावांत पोरींची नावं बदलली. यशोधरा, महामाया, संघमित्रा, विशाखा, खेमा. ही सगळी विचारपूर्वक निवडलेली नावं. यशोधरा म्हणजे यश धारण करणारी, खेमा म्हणजे क्षेम असलेली, बिंबिसाराची राणी आणि पुढे प्रज्ञेसाठी मान मिळवलेली भिक्खुनी. संघमित्रा सम्राट अशोकाची लेक, बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली. आणि वर जी मल्लिका सांगितली, त्या नावाची एक बाई श्रावस्तीच्या माळ्याची लेक होती, फुलांचे हार करणाऱ्याची. ती कोसलच्या प्रसेनजिताची राणी झाली. ज्या वस्तीला लोक वाट्टेल त्या नावाने हाका मारत, त्या वस्तीने आपल्या लेकींना राण्यांची आणि विदुषींची नावं दिली आणि ती सगळ्यांना घ्यायला लावली. ‘आपण वावरात राबणारे, आपल्या पोरीले राणीचं नाव कायले?’ असं जे म्हणतात, त्यांनी हे बघावं.

नाव मुलीला कळत नाही, पण तिला हाक मारणाऱ्यांना कळतं, आणि ते तिच्याशी त्या नावाप्रमाणे वागायला लागतात. उलटही खरं आहे. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशा’ नाव असलेल्या दोनशेहून जास्त मुलींची नावं सरकारी पुढाकाराने बदलली गेली. नको असलेली, हे नाव घेऊन त्या पोरी शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणत होत्या. आपल्याकडे मूल जगावं म्हणून उकर्डा, कचरू, धोंडी ठेवत, त्यामागे निदान माया होती, दृष्ट लागू नये ही भीती होती. नकुशात काय होतं?

“एवढं मोठं नाव झेपन का तिले?” असंही विचारतात. झेपतं. फक्त घरच्यांनी ते तोडू नये. दमयंतीची दमी, प्रभावतीची पभी करायची आणि मग नाव जड आहे म्हणायचं, हे बरं नव्हे. लाडाचं नाव वेगळं ठेवा, हवं तर चिमी म्हणा, पण नावाचे तुकडे करू नका.

राशीच्या अक्षराची अडचणही मोठी नाही. स्वातीच्या पहिल्या चरणाला ‘रू’ येतं, रुक्मिणी ठेवा. पूर्वाभाद्रपदेत ‘दा’, तिथे दमयंती. भरणीच्या चौथ्या चरणाला ‘लो’ आलं की लोक हात टेकतात, तिथे लोपामुद्रा आहेच. पुनर्वसूला केशिनी आणि हिराई दोन्ही बसतात, उत्तरा फाल्गुनीच्या ‘पा’ला प्रभावती.

कागदाचंही सांगते, कारण तिथे घाई होते. जन्माची नोंद वेळेत कराच, पण त्या वेळी नाव ठरलं नसेल तर कसंही एखादं लिहून येऊ नका. १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मराठीत आणि इंग्रजीत नाव कसं लिहायचं ते घरीच कागदावर लिहून न्या, जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पोरगी दहावीला जाईपर्यंत ते निस्तरत बसावं लागतं. आणि १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग बापाचं, मग आडनाव. म्हणजे आज ठेवलेलं लेकीचं नाव उद्या तिच्या लेकराच्या नावाला लागून लिहिलं जाणार आहे.

ज्यांच्याकडे नुकती पोरगी झाली आहे त्यांनी कमेंटमध्ये राशीचं अक्षर लिहा. आपल्या भागातल्या राण्यांमधून नाव शोधून अर्थासकट मी सांगते.