वीस रुपयांचा वायसर

चेंबरमधून नारिंगी रबराचे तुकडे निघाले. इंजिनच्या चेंबरमधून, तळाशी तेल साठतं त्या भांड्यातून! चार वर्षांची गाडी, 19 हजार किलोमीटर, एकही सर्व्हिसिंग चुकवलेलं नाही, सगळी बिलं तारीखवार फाइलला लावलेली. आणि आज सकाळी गल्लीतल्या गॅरेजवाल्याने ऑइल काढायला नट सोडला, तर काळ्या तेलाबरोबर ट्रेमध्ये हे पडलं. तुरीच्या डाळीएवढे. त्याने एक तुकडा बोटावर चुरडला. "काका, सिलिकॉन आहे, गळती बुजवायची पेस्ट. नटाचे आटे गेलेत, वायसर तर नाहीच. कोणीतरी थापून ठेवलंय."

कोणीतरी! कोणी ते मला चांगलं ठाऊक आहे. मागच्या ऑक्टोबरात गाडी दिली होती ना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, त्या काचेच्या महालात, जिथे मशीनची पुचाट कॉफी पाजतात आणि वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं की "सर, सेफ्टी" म्हणून परत सोफ्यावर बसवतात. आता कळली कसली सेफ्टी ती! घाईघाईत नट वाकडा बसवला, आटे खाल्ले, तेल ठिबकायला लागलं. मग काय, ट्यूब पिळा आणि द्या गाडी. सिलिकॉन थापायचं आणि गिऱ्हाइकाला थापा मारायच्या. बिल काढून बघितलं. 'कन्झ्युमेबल्स' : 350 रुपये. त्या साडेतीनशेत वीस रुपयांचा एक वायसर बसत नव्हता?

आणि हे तुकडे नुसते शोभेला पडून राहत नाहीत. चेंबरच्या तळाशी जाळी असते, तिच्यातून पंप तेल ओढतो. जाळी तुंबली की वर तेल पोचत नाही, आणि मग इंजिन जाम. हायवेवर, रात्री, सासुरवाडीची माणसं मागे बसलेली असताना. वीस रुपयांसाठी.

फोन लावला. आधी पाच मिनिटं सनई, मग एक गोड आवाज. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणते कशी, "सर, ते ड्रायव्हिंग हॅबिट्सवर डिपेंड करतं." अहो ताई, मी कशीही चालवली तरी इंजिनात सिलिकॉन उगवेल का? मी काय गिअर टाकताना ट्यूब पिळतो?

यांचं हे नेहमीचंच. दर वेळी माझी सीट शेवटपर्यंत मागे सरकवलेली. रेडिओ भलत्याच स्टेशनवर, तोही कर्कश. चांगले वायपर न विचारता बदललेले. पायाखाली एक कागद अंथरतात आणि त्याचेही पैसे लावतात. आणि दुसऱ्या दिवशी फोन, "सर, दहापैकी दहाच द्या हं, नऊ दिले तर आमचा पगार कापतात." कापा! आमच्या सोसायटीचा प्लंबरही याच पंथाचा. गळतंय? एमसील. परत गळतंय? त्यावर अजून एमसील. गच्चीवरची टाकी आता टाकी कमी आणि एमसील जास्त अशी झालीय.

तर असा मी पेटलेला असताना गॅरेजवाल्याने वर ऑइल भरायचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत पांढरट पिवळं, थेट श्रीखंड! झालं, म्हटलं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं सील, गेलं आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट तेलात उतरलं. आता ग्राहक मंचच. फोटो काढले, सहा. त्याने शांतपणे ऑइलची पट्टी बाहेर ओढली. तिला लागलेलं तेल काळंच, दुधट अजिबात नाही. कूलंटची बाटली रेषेला रेषा. मग विचारलं, "काका, गाडी रोज किती फिरते?"

पुण्यातलं सहकारनगर ते तळजाई टेकडी. जेमतेम दोन किलोमीटर. तिथे लावायची, तासभर फिरायचं, दोन किलोमीटर परत.

म्हणजे चालायला जायला गाडी. मी हे मोठ्याने सांगितलं आणि सांगता सांगताच आवाज खाली गेला. "मग बरोबर. इंजिन तापतच नाही. पेट्रोल जळताना वाफ होते, ती उडून न जाता गार झाकणाला धरते, तेलात घुसळली जाते. त्यात पावसाळी हवा. आठवड्यातून एकदा पाऊण तास सलग पळवा, जाईल." थोडक्यात, ड्रायव्हिंग हॅबिट्स. ताईंना हे कळता कामा नये.

बायकोला मात्र कळलं, ती वर गॅलरीत चहा घेऊन उभीच होती. "चालत जा आता टेकडीवर," एवढंच म्हणाली. एवढंच पुरे होतं.

पण श्रीखंड माझं म्हणून सिलिकॉन माझं होत नाही! चेंबर उतरवून जाळी धुतली, आटे नव्याने पाडले, नवा नट, नवा वायसर. ते तुकडे धुऊन वाळवून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलेत. शनिवारी बरणी घेऊन काचेच्या महालात जाणार. चौदा किलोमीटर आहे, तेवढंच इंजिनही तापेल.