तात्या विंचूला विसरलात?

नव्वदच्या दशकातल्या अद्भुत चित्रपटांची यादी वाचली. हॉलिवूडचे नऊ नि आपला एकही नाही? १९९३चा 'झपाटलेला' कुठे गेला? आमच्या देवगडकडच्या वाडीत गणपतीत भाड्याचा व्हीसीआर यायचा. अंगणात गोणपाटं टाकून सगळी वाडी बसायची. त्यातल्या तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला नि नेमके लाईट गेले! माडांच्या काळोखातून घरी जायची एकाचीही छाती होईना. आजी म्हणाली, "आमच्या देवचाराक कोण भियत नाय, नि ह्या बाहुल्याक भियतत!" (देवचार म्हणजे आमच्याकडचं राखणदार भूत.) बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्यांनी बनवलेला तो बाहुला आजच्या गुळगुळीत ग्राफिक्सपेक्षा कितीतरी जिवंत वाटतो. माझ्या धाकट्या भावाने तर बहिणीची बाहुली त्याच रात्री विहिरीत टाकली.