दोन रीफ लॉब्स्टर म्हणजे जोडी नव्हे

"कुठलेही दोन रीफ लॉब्स्टर आणा. मोठ्या नांग्यांचा तो नर, ठिपक्यांची ती मादी. एका टाकीत सोडा. पोटाखाली अंडी दिसली की झालं, थोड्याच दिवसांत टाकीभर पिल्लं." घरी समुद्री जिवांची काचेची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये हा सल्ला या ना त्या रूपात सतत पुढे सरकवला जातो. यातलं एकही वाक्य खरं नाही. हे रीफ लॉब्स्टर, म्हणजे प्रवाळखडकांत राहणारे छोटे रंगीत लॉब्स्टर, जवळपास सगळेच समुद्रातून पकडून आणलेले असतात. त्यांच्या जिवावर असले प्रयोग होतात याचा मला मनापासून राग आहे, म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

आधी ठिपके. रीफ लॉब्स्टर म्हणजे एनोप्लोमेटोपस. या नावाखाली डझनभराच्या आसपास जाती येतात आणि त्यांच्या रंगांत बराच फरक असतो. डेबेलियस जातीच्या फिकट अंगावर जांभळे ठिपके असतात. डाउमी जातही जांभळट, पण तिच्या अंगावर तसे ठिपके नसतात. डच शास्त्रज्ञ लिपके होल्टहाउस यांनी 1983 साली या दोन्ही जातींचं वर्णन केलं, तरी विक्रीत दोन्ही 'जांभळा लॉब्स्टर' म्हणूनच खपतात. मग कुणीतरी एक ठिपक्यांचा, एक बिनठिपक्यांचा उचलतो आणि नर-मादी मिळाल्याच्या आनंदात घरी जातो. खरं तर त्याच्या हाती दोन वेगळ्या जाती लागलेल्या असतात. एकाच जातीतले दोन शेजारी ठेवले, तरी रंगावरून नर कोण आणि मादी कोण ते सांगता येत नाही.

मोठ्या नांग्यांचंही तसंच. वय वाढतं, अंग वाढतं तशा नांग्या वाढतात. त्यात हा प्राणी संकटात सापडला की नांगी सोडून देतो आणि पुढच्या काती टाकताना ती हळूहळू पुन्हा येते. नव्याने आलेली नांगी सुरुवातीला लहानच असते. म्हणजे छोट्या नांग्यांची 'मादी' ही प्रवासात नांगी गमावलेला नरही असू शकते. दुकानातल्या पिशवीत पाहून केलेला निवाडा म्हणूनच कवडीमोल.

मग ओळखायचं कसं? ओळखण्याची जागा पोटाकडे आहे. लॉब्स्टरला पायांच्या पाच जोड्या असतात आणि नांग्यांची जोडी ही पहिली. मादीचं जननछिद्र तिसऱ्या जोडीच्या मुळाशी असतं, नराचं पाचव्या म्हणजे शेवटच्या जोडीच्या मुळाशी. इतकं सोपं आहे, पण मोजणीत गडबड होते. बरेच जण नांग्या सोडून पुढच्या पायापासून मोजायला लागतात आणि चौथ्या जोडीकडे बघत बसतात. तिथे नराला काही नसतं आणि मादीलाही काही नसतं.

त्यासाठी प्राण्याला हातात धरायची गरज नाही. सगळ्यात चांगली संधी तो स्वतःच देतो, कात टाकून. कवच पाठीकडे, धड आणि शेपूट यांच्या सांध्यापाशी उकलतं आणि लॉब्स्टर मागच्या मागे सरकत बाहेर येतो. मागे राहते ती सबंध कात: डोळ्यांवरचं आवरण, मिशा, पाय, सगळं जागच्या जागी. नवख्याला वाटतं लॉब्स्टर मेला. खेकडे आणि किडे ती फाडायच्या आत सकाळी लवकर अलगद काढून घ्या. पांढऱ्या बशीत टाकीचंच थोडं पाणी घ्या, कात उताणी ठेवा, मऊ कुंचल्याने पाय बाजूला करा आणि खालून किंवा बाजूने उजेड टाकून भिंगातून बघा. मादीच्या कातीत तिसऱ्या पायाच्या बुडाच्या तुकड्यावर आतल्या बाजूला गोलसर छिद्र दिसतं. नराच्या कातीत तिथे काहीच नसतं, शेवटच्या पायाच्या बुडाशी मात्र बारीकसा उंचवटा असतो. दोन्ही बाजू तपासा, एका पायावर निकाल देऊ नका. कात फाटली असेल किंवा प्राणी अजून लहान असेल, तर पुढच्या कातीची वाट बघा. घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

जिवंत प्राण्याचंच बघायचं असेल, तर रात्री तो खाण्यासाठी बाहेर आला की पारदर्शक डब्यात घ्या आणि डब्याच्या तळातून फोटो काढा. नांगी किंवा मिशा धरून कपारीतून ओढू नका. तो नांगी तुमच्या हातात ठेवून जाईल.

याच सल्ल्याला कधी कधी एक पुरवणी जोडलेली असते: "दोघे एकाच लिंगाचे निघाले तरी बिघडत नाही, ते उभयलिंगी असतात." ही गोष्ट क्लीनर कोळंबीची, म्हणजे माशांच्या अंगाची सफाई करणाऱ्या लायस्माटा नावाच्या कोळंबीची आहे. तिच्या जातींत प्राणी आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे मादीचंही काम करू लागतो, तरी नराचं काम सोडत नाही. त्यामुळे तिथे कुठलेही दोन मोठे प्राणी खरोखर जोडी ठरतात. रीफ लॉब्स्टरमध्ये नर वेगळा आणि मादी वेगळी. दोन नर आणले तर दोन नरच राहणार.

आणि ते दोन नर काय करतात? भांडतात. रीफ लॉब्स्टर आपली कपार राखणारा, एकटा राहणारा प्राणी आहे. छोट्या टाकीत हरलेल्याला पळून जायला जागा नसते. सगळ्यात वाईट वेळ कात टाकल्यानंतरची. अंग मऊ, नांग्या निकामी, आणि शेजारी कडक कवचाचा दुसरा लॉब्स्टर. अशा वेळी दुबळा प्राणी मारला जातो, अनेकदा खाल्लाही जातो, आणि सकाळी मालक म्हणतो की कात टाकताना मेला. नर-मादी खात्रीने ओळखले असले तरी आधी मध्ये भोकं असलेला पडदा लावून ठेवावा, दोघांना स्वतंत्र कपारी द्याव्यात आणि प्रत्येक कपारीला दोन तोंडं असावीत. एवढी जागा नसेल तर एकच ठेवा. एकट्या रीफ लॉब्स्टरचं काहीही अडत नाही.

आता अंडी. पोटाखाली अंडी आली म्हणजे मिलन झालं, असा अर्थ निघत नाही. नराशिवायही मादी अंडी घालू शकते. ती फलित नसतात, गढूळ होतात आणि गळून पडतात. उलट समुद्रातून आलेली मादी तिथलीच फलित अंडी घेऊन आलेली असू शकते, त्या अंड्यांचं श्रेय टाकीतल्या 'नराला' देण्यात अर्थ नाही. खरी खूण अंड्याच्या आत असते. मादी शेपटाखालचे पोहण्याचे पाय हलवून अंड्यांना वारा घालत राहते, साफ करत राहते. दिवस जातात तसा आतला बलक कमी होतो आणि प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते पिल्लाचे डोळे. ते दिसले की अंडी फलित आहेत, हे नक्की.

शेवटचा दावा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चुकीचा: टाकीभर पिल्लं. हा समज गोड्या पाण्यातल्या, लॉब्स्टरसारख्याच दिसणाऱ्या क्रेफिशवरून आला असणार. क्रेफिशचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच आईच्या ठेवणीचं, आईच्या पोटाला चिकटून राहतं आणि मग तळावर चालू लागतं. मार्बल्ड क्रेफिशला तर नरही लागत नाही, सगळ्या माद्याच. समुद्रातल्या लॉब्स्टरचं तसं नाही. रीफ लॉब्स्टरच्या अंड्यातून निघते ती पाण्यात तरंगणारी अळी, आईशी काडीचंही साम्य नसलेली. एकामागून एक कात टाकत, अनेक अवस्था पार करून मगच तिला तळ गाठता येतो. तोपर्यंत तिला मोकळं पाणी लागतं. घरच्या टाकीत काय असतं? पंप, ओव्हरफ्लो (जादा पाणी बाहेर नेणारी वाट), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फिल्टरचा मोजा (गाळणीची पिशवी), प्रवाळांची तोंडं, भुकेले मासे. रात्री बाहेर पडलेल्या अळ्यांतल्या सकाळी फारच थोड्या उरतात, बहुधा एकही नाही. त्यामुळे "माझ्या लॉब्स्टरने अंडी दिली पण पिल्लं झालीच नाहीत" म्हणणाऱ्याकडे बऱ्याचदा पिल्लं झालेली असतात. ती पाहायला तो जागा नव्हता, एवढंच.

अळ्या वाढवायच्या असतील तर वेगळं भांडं हवं, ज्यात पाणी गोल फिरतं आणि अळी ना तळाला आपटते ना कुठल्या जाळीला चिकटते. जर्मन शास्त्रज्ञ वुल्फ ग्रेव्ह यांनी 1968 साली प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांसाठी, मांडलेलं असं भांडं 'क्रायसेल' म्हणून ओळखलं जातं आणि जेलीफिशसाठी आजही वापरतात. अळ्या पकडायला जाळी नको, त्यांचे पाय मोडतात. टाकीतले पंप बंद करा, एका कोपऱ्यात टॉर्च लावा, उजेडाकडे त्या गोळा होतात, मग कपाने पाण्यासकट उचला. खाणं अंड्यातून नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियापासून (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) सुरू करा, तेही रोज ताजं. दाटी करू नका. मोठ्या अमेरिकन लॉब्स्टरच्या अळ्या एकमेकींना खातात हे त्यांच्या हॅचरीतलं (अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रातलं) जुनं दुखणं आहे, इथेही तीच काळजी घेतलेली बरी.

हे सगळं करण्याची तयारी आणि दुसरं भांडं आधीपासून चालू अवस्थेत असेल, तरच दुसरा लॉब्स्टर आणावा, आणि तोही पहिल्याची कात भिंगाखाली पाहून झाल्यावर. दुकानात दुसऱ्याची कात मागा. बरेच विक्रेते ती फेकून देतात, पण आधी सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवतात.