व्हिडिओची कंपनी काढा, फक्त व्हिडिओ बघू नका

तर तुम्ही व्हिडिओ शेअरिंगची कंपनी काढायचं मनावर घेतलंयत, छान. सर्व्हर, प्रोग्रामर, लोगो वगैरे नंतर बघू, आधी एक सवय लावून घ्या, आपल्या साइटवर काय चाललंय ते आपल्याला अजिबात माहीत नसतं. हसू नका, कायद्याचा सल्ला देतोय, तोही फुकट. अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए नावाचा कॉपीराइटचा कायदा आहे, त्यात साइटवाल्याला सूट अशी की कुणीतरी दुसऱ्याचा माल आणून टाकला, तुम्हाला पत्ता नव्हता, आणि नोटीस आल्या आल्या काढून टाकलात तर भरपाई तुमच्या गळ्यात पडत नाही (बाकी अटी आहेत, त्या वकील फी घेऊन सांगेल). म्हणजे दुकान आपलं, गर्दी आपली, आणि फळीवरचा माल कुठून आला? काय की बुवा!

कल्पना भारी नसली तरी चालते हो. यूट्यूबवाल्या तिघांनी फेब्रुवारी २००५ मध्ये डोमेन घेतलं तेव्हा डोक्यात डेटिंग साइट होती, लोक स्वतःचे व्हिडिओ टाकतील आणि जमतील जोड्या. कुणी टाकले नाहीत. मग म्हणाले टाका काय टाकायचं ते, आणि एप्रिलमध्ये पहिला व्हिडिओ आला, तिघांतलाच एक हत्तींपुढे उभा राहून यांच्या सोंडा फार लांब असतात असं सांगतोय, १९ सेकंदात खेळ खलास. आता हे बघायला कोण येणार? गर्दी जमली ती टीव्हीवरच्या तुकड्यांनी. एनबीसी या अमेरिकी वाहिनीच्या कॉमेडी शोमधलं एक रॅप गाणं असं काही चाललं की बास, फेब्रुवारी २००६ मध्ये एनबीसीने ते काढायला लावलं आणि जूनमध्ये त्याच एनबीसीने यूट्यूबशी पार्टनरशिप केली. तेव्हा नोटीस आली की घाबरायचं नाही, बऱ्याचदा ती ओळख काढायची पद्धत असते.

तिसरं म्हणजे कोर्टाचा कागद यायच्या आत कंपनी विकून टाका. ऑक्टोबर २००६ मध्ये गुगलने १६५ कोटी डॉलरचे शेअर देऊन यूट्यूब घेतली, त्याच्या जरा आधीच मार्क क्यूबन नावाचा अब्जाधीश बोलून गेला होता की ही कंपनी मूर्खच विकत घेईल. गुगलही काही दूधखुळं नव्हतं, त्या शेअरपैकी साडेबारा टक्के वर्षभर बाजूला अडकवून ठेवले, पुढेमागे काही निघालंच तर असावेत म्हणून. निघालं. मार्च २००७ मध्ये एमटीव्हीवाल्या वायाकॉम कंपनीने १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला, आमच्या १,६०,००० क्लिप तुमच्याकडे आहेत म्हणून.

आणि इथे मला सगळ्यात आवडलेला भाग येतो. २०१० मध्ये कागदपत्रं बाहेर आली तेव्हा यूट्यूबच्या वकिलांनी सांगितलं की वायाकॉम एकीकडे केस लढत होती आणि दुसरीकडे गुपचूप स्वतःच क्लिप टाकत होती, त्यासाठी १८ मार्केटिंग एजन्सी धरलेल्या, व्हिडिओ मुद्दाम खराब करायचे म्हणजे चोरलेला वाटेल, आणि माग लागू नये म्हणून माणसं बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवून तिथल्या कॉम्प्युटरवरून अपलोड करायचं. यांचं यांनाच कळेना आपलं कुठलं ते, स्वतःच काढायला लावलेल्या क्लिप परत लावा म्हणून विनवण्या करायची वेळ आली. मालकाला ओळखता येत नाही तिथे तुम्ही कशाला ओळखायला जाता?

युनिव्हर्सल म्युझिक या गाण्यांच्या कंपनीला मात्र बरोब्बर ओळखता येतं. २००७ मध्ये स्वयंपाकघरात खेळण्याची गाडी ढकलत नाचणारं एक लहान पोर, २९ सेकंदांचा व्हिडिओ, मागे प्रिन्स या गायकाचं गाणं धड ऐकूही येत नाही, तरी पाठवली नोटीस. पोराची आई कोर्टात गेली आणि नोटीस धाडण्याआधी हा वापर रास्त आहे का याचा विचार करायला हवा, हे अपील कोर्टाने म्हणेपर्यंत २०१५ उजाडलं, पोरगं तोवर शाळेत.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही सरळमार्गी माणसं, आम्ही कायदा पाळू आणि कोर्टात जिंकू. जिंका की. वायाकॉमची केस २०१० मध्ये यूट्यूब जिंकली, २०१२ मध्ये ती परत जिवंत झाली, २०१३ मध्ये परत जिंकली, २०१४ मध्ये तडजोड, आणि या सगळ्या वर्षांत वकिलांची बिलं भरायला वर गुगल बसलेलं. वीओ नावाची अशीच एक साइट होती, तिच्या वर कुणी नव्हतं. तिच्यावर युनिव्हर्सलने केस टाकली, पैसे लावणाऱ्यांनाही त्यात ओढलं. वीओने सगळं नियमाने केलेलं, सप्टेंबर २००९ मध्ये केस जिंकली, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये दिवाळं काढलं. डिसेंबर २०११ मध्ये अपील कोर्टानेही सांगितलं की वीओचंच बरोबर होतं. निदान वकिलांची फी तरी युनिव्हर्सलकडून मिळावी म्हणून वीओने मागितली होती, ती नाही मिळाली.