स्कॅनरवाल्या वाचकमित्रास

इंजिन बदलल्यावर स्विफ्ट डिझेलचा चेक-इंजिन दिवा का विझेना, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली. ‘स्कॅनर न लावता तारा चाचपत बसणं ही मिस्त्रीगिरी, निदान नव्हे,’ असं तुम्ही लिहिलंत. (स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र.) मुद्द्याचं नंतर बघू, पण ‘मिस्त्रीगिरी’ हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात. माझे वडील मिस्त्री होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांच्या शेजारी बसून मी बाराव्या वर्षी पाने पुसायला लागलो. इंजिनचा आवाज ऐकून ते टॅपेटमधला, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागातला, दोष सांगायचे. असो.

आणि स्कॅनर लावलाच नव्हता हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्या स्विफ्ट डिझेलचं इंजिन बदललं त्याच गॅरेजात तो लागला होता. त्याने तीन सेन्सरची नावं दिली. मालकाने तिन्ही नवे आणले, दिवा जिथल्या तिथे! तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत हो. मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावलं आणि मालकाला सेल्फ मारायला सांगितला. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं, तिथे पावणेदोन. अर्थिंगची पट्टी नव्याने रंगवलेल्या ब्रॅकेटवर आवळली होती, रंगामुळे इंजिनला अर्थ नीट मिळत नव्हता. रंग खरवडला, बोल्ट कसला, कोड पुसले. ते पुन्हा आले नाहीत. जुने सेन्सर अजून त्या मालकाच्या डिकीत आहेत, तिन्ही चांगले. ही आमची मिस्त्रीगिरी.

हां, एक चूक माझी. ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मी १२० ओहम लिहिले होते. बॅटरी काढून मोजलं तर ६० यायला हवेत. गाडीतले संगणक ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्यांच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, ते समांतर. दुरुस्त केलंय. पण तेवढ्यावरून थेट ‘अर्धवट ज्ञान’? तुमच्या प्रतिक्रियेत ‘इमोबिलायझर’ (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) हा शब्द तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहिलाय, मी काही बोललो का?

ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जुनाच ठेवला होता. इंजिनाबरोबर आलेला बसवला असता तर त्याने चावीच ओळखली नसती, मग दिव्यापर्यंत पोचतोय कोण! आरसीवर नवा इंजिन नंबर चढवणं, आरटीओची परवानगी वगैरे मालकाने बघायचं, माझा लेख त्यावर नव्हता. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्यासारखं काही नाही.

तुम्ही स्वतः किती इंजिनं बदललीत तेही लिहायला हवं होतंत. मी निदान नाव लावून लिहितो.

आणि फोटोत मीटरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्यात, ते बरोबर पकडलंत. फोटो बदलतो.