आजारी माणसाच्या हातात राजीनाम्याचा कागद देऊ नका

आपल्याकडे कुणी ताप अंगावर काढून ड्युटी केली की त्याचं कौतुक होतं. काय चिवट माणूस आहे, एक खाडा नाही. माझ्या दादाचं पण असंच कौतुक व्हायचं आणि त्या कौतुकापायी २०२२ च्या पावसाळ्यात तो पाच आठवडे टीबी अंगात घेऊन नाईट शिफ्ट करत होता. हे आज लिहितेय कारण मागच्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला अगदी तोच फोन आला जो तेव्हा दादाला आला होता.

दादा चाकणला एका व्हेंडर कंपनीत (मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी) प्रेस शॉपला, म्हणजे प्रेस मशीनच्या विभागात आहे, तेव्हा नऊ वर्षं झाली होती, परमनंट. कंपनीचं नाव घेत नाही. खोकला होता, संध्याकाळ झाली की अंगात कणकण, बेल्टला दोन नवीन भोकं पाडावी लागली इतकं वजन उतरलं. वहिनी रोज म्हणायची दाखवून या, आणि हा म्हणायचा महिनाअखेर होऊ दे, डिस्पॅच आहे. शेवटी एका सकाळी शिफ्टवरून आला तो जिन्यातच बसला. एक्स-रे, थुंकीची तपासणी, रिपोर्ट पॉझिटिव्ह. सहा महिने औषधं आणि निदान दोन महिने पूर्ण आराम असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्याच दिवशी दोन फोन आले. सकाळी सुपरवायझरचा, गोळ्या सुरू झाल्या ना, मग सोमवारपासून ये, मशीनवर माणूस नाही. दुपारी एचआरचा, की अरे टीबी आहे म्हणे, लोक घाबरलेत, तू असं कर राजीनामा देऊन टाक, आठ दिवसांत फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, करून देतो, बरा झालास की परत घेऊ. एकाच गेटच्या आतली दोन माणसं, एकाला तो उद्याच मशीनवर पाहिजे आणि दुसऱ्याला तो कायमचा बाहेर पाहिजे, आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून रजा हा शब्द निघाला नाही. संध्याकाळी कंपनीतला एक मुलगा पाकीट घेऊन घरी आला, आत राजीनामा टाइप करून तयार, वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने देत आहे वगैरे, फक्त सही बाकी.

आणि दादा सही करणार होता. कारण नीट समजून घ्या, तो काही अडाणी नाही, आयटीआय झालेला माणूस आहे. पण अंगात ताप आहे, घराचा हप्ता आहे, पोरीची फी भरायचीय, त्यात टीबी म्हटल्यावर आधीच मान खाली गेलेली, बिल्डिंगमध्ये कळलं तर काय. अशा माणसाला तुम्ही म्हणता की कामावर ये नाहीतर सोड, तूच ठरव. याला ठरवणं म्हणतात का? १०२ ताप असताना आपण साधं जेवायला काय करू हे ठरवू शकत नाही, आणि हा माणूस नऊ वर्षांच्या नोकरीचं ठरवणार. माझा राग कंपनीने काम मागितलं यावर नाहीच, काम सगळेच मागतात. राग आहे तो तिसरा रस्ता असताना तो लपवला यावर.

तो रस्ता दाखवला शेजारच्या काकांनी. भोसरीत एका कारखान्यात तीस वर्षं काढली त्यांनी, युनियनचं काम केलेलं. ते म्हणाले सही करायची नाही, आधी पगाराची स्लिप आण. दादाचा पगार तेव्हा १८,४०० होता. स्लिपवर एक ओळ, ईएसआय (म्हणजे कर्मचारी राज्य विमा) १३८ रुपये. काका म्हणाले हे पाऊण टक्का तुझे, आणि सव्वातीन टक्के म्हणजे ५९८ रुपये कंपनी भरते, दर महिन्याला, याच दिवसासाठी. नऊ वर्षं दादाच्या पगारातून ते कापले जात होते आणि घरात एकालाही माहीत नव्हतं ते कशाचे. सर्दी-खोकल्याला दवाखान्यात फुकट गोळ्या मिळतात, एवढीच आमची समजूत.

तर ऐका. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात, पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. पहिले दोन दिवस साधारण धरत नाहीत. आणि टीबी, कॅन्सर, किडनी निकामी होणं असे ३४ मोठे आजार वेगळ्या यादीत आहेत, त्यात ९१ दिवस संपले की पुढे ८० टक्के मिळतात आणि ते दोन वर्षांपर्यंत वाढू शकतात, फक्त आधीची दोन वर्षं नोकरी आणि वर्गणी नीट झालेली पाहिजे. दादाची नऊ वर्षं झाली होती! म्हणजे ज्या माणसाला सोमवारी ये नाहीतर सोड सांगितलं त्याला घरी झोपून महिन्याला १२-१३ हजार मिळण्याचा हक्क होता, आणि ती भीक नव्हती, त्याचे स्वतःचे कापलेले पैसे होते त्यात.

एक मात्र आहे, सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं. आम्ही आधी खाजगीत दाखवलं होतं तर ते सगळे रिपोर्ट घेऊन डिस्पेन्सरीत गेलो, रांगेत तीन तास गेले, वहिनी दोनदा रडली, पण पहिलं सर्टिफिकेट मिळालं. मग दर काही दिवसांनी पुढचं, आणि कामावर परत जाताना फिटनेसचं. पैसे बँकेत जमा झाले, थोडे उशिरा झाले पण झाले.

दुसरी गोष्ट काकांनी सांगितली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ईएसआयचा १९४८ चा जो कायदा तेव्हा लागू होता त्यातलं कलम ७३ असं होतं की माणूस आजारपणाचे पैसे घेत असताना मालकाने त्याला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही, आणि त्या काळात नोटीस दिली तरी ती ग्राह्य नाही. म्हणजे कंपनी त्याला काढू शकत नव्हती. म्हणूनच तर राजीनामा टाइप करून घरी पाठवला! काढण्याची नोटीस कंपनीची असते, राजीनामा तुमचा असतो. एकदा ‘स्वेच्छेने’ असं लिहिलेल्या कागदावर सही झाली की ती जबरदस्तीने घेतली हे सिद्ध करायची जबाबदारी आजारी माणसावर. (नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झालेत आणि जुना ईएसआय कायदा त्यात गेलाय, म्हणून आज कुणावर वेळ आली तर कलमाचा आकडा ईएसआय ऑफिसात नाहीतर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात विचारून घ्या.)

मग मी बसून एक साधा अर्ज लिहिला. मला हा आजार झालाय, डॉक्टरांनी एवढे दिवस आराम सांगितलाय, सर्टिफिकेट जोडलंय, मी राजीनामा दिलेला नाही आणि देणार नाही, बरा झाल्यावर कामावर हजर होईन. हातात द्यायला गेलो तर एचआर पोच द्यायला तयार नाही. मग रजिस्टर एडीने पाठवला, तोच ईमेल पण केला. पोचपावती अजून आमच्या कपाटात आहे. त्यानंतर फोन बंद झाले. घरचा हिशोब भागवायला पीएफमधून आजारपणाचा अ‍ॅडव्हान्स काढला, टीबीसाठी तो मिळतो आणि ऑनलाइन फॉर्म ३१ ला मालकाची सही लागली नाही, आणि सरकारी टीबी योजनेत पोषणाचे महिन्याला ५०० रुपये तेव्हा मिळायचे ते पण घेतले. आणि लोक घाबरलेत म्हणत होते त्यावर डॉक्टर म्हणाले औषध नीट चालू असलं की दोन-तीन आठवड्यांत पसरण्याचा धोका फार कमी होतो, खरा धोका तर तो खोकत खोकत शिफ्ट करत होता तेव्हाच होता.

सगळं गोड झालं असं मात्र मी सांगणार नाही. दादाच्याच लाइनवर ठेकेदाराचा एक पोरगा होता, चोवीस वर्षांचा, डेंग्यूने आठ दिवस ॲडमिट, परत आला तर गेटवर सांगितलं उद्यापासून येऊ नको. नोटीस नाही, कागद नाही. त्याची वर्गणी ठेकेदाराने बुडवली तर ती भरायची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची असते हे त्याला कुणी सांगितलंच नाही, आम्हालाही नंतर कळलं. तो तोपर्यंत गावी निघून गेला होता.

आणि माझं स्वतःचं काय? मी एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, पगार २६ हजार. ईएसआयची मर्यादा २१ हजार, २०१७ मध्ये १५ ची २१ केली. म्हणजे मी बाहेर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या शॉप ॲक्टमध्ये, म्हणजे दुकानं-ऑफिसांच्या कायद्यात, वर्षाला आठ कॅज्युअल रजा आणि वीस दिवस कामामागे एक अर्जित रजा, ती साठवली तरी ४५ दिवस. आजारपणाची अशी वेगळी रजाच नाही. मला उद्या काही मोठं झालं तर दीड महिन्यानंतर मी मालकाच्या मर्जीवर. वर जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणामुळे कामावरून कमी केलं तर ती कामगार-कपात धरत नव्हते, म्हणजे कपातीची भरपाई पण नाही. १८ हजारवाल्या दादाला जे संरक्षण आहे ते २६ हजारवाल्या मला नाही, आणि हप्ते दोघांनाही आहेत. ही मर्यादा वाढवली पाहिजे आणि पगारी आजारपणाची रजा प्रत्येक नोकरीत कायद्याने पाहिजे, यावर माझं मत आता बदलणार नाही.

२०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या फर्ममधली २६ वर्षांची सीए गेली, तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र सगळ्यांनी वाचलं असेल. छातीत त्रास होतोय म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिथून ती कामावर गेली, खूप काम आहे, रजा मिळणार नाही म्हणून. मला ते वाचताना जिन्यात बसलेला दादाच दिसत होता. आपण दोन दिवस हळहळलो आणि तिसऱ्या दिवशी ताप असताना लॅपटॉप उघडला.

मैत्रिणीच्या नवऱ्याला पण मी हेच सांगितलं. फोनवर काही कबूल करू नको, जे म्हणायचंय ते मेलवर पाठवा म्हण. सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी पाठव, न कळवता गैरहजर राहू नको, कारण तिथेच ते पकडतात. कोऱ्या किंवा टाइप केलेल्या कागदावर घरच्यांना विचारल्याशिवाय सही नाही. सही झालीच असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळव की ती दबावाखाली घेतली.

दादा पाचव्या महिन्यात परत रुजू झाला, त्याच मशीनवर. तोच सुपरवायझर आहे. आता त्याच्या शॉपमधले लोक स्लिप घेऊन त्याच्याकडे येतात, त्यात एकाच्या बायकोचं डायलिसिस चाललंय. डिस्पेन्सरीत कुठले कागद लागतात, नोंदणी कशी बघायची हे कुणाला विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, रविवारी दादा घरी असतो, त्याला विचारून उत्तर देते.